बिल कशाचं येतं

थोरा ड्रेव्हरच्या स्वयंपाकघरात दोन विस्तव आहेत.
एक जुना: चुलीत धुमसणारं पीट,
ईडे बेटाच्या पाठीवरून विटाविटांनी कापलेलं,
उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवलेलं.
हजारो वर्षांमागच्या कुठल्याशा दुपारी
शेवाळानं जे ऊन गिळलं
आणि दलदलीनं कुजू दिलं नाही,
ते आत्ता तिच्या मोज्यांची ओल काढतंय.

दुसरा विस्तव दिसत नाही.
तो तारेतून येतो, समुद्राच्या तळावरून,
जिथे दोन बेटांच्या चिंचोळ्या फटीतून
पाणी दिवसाला चारदा धावतं
आणि बुडालेली पाती गरगरा फिरवतं.

मान्सी या पाण्याला शिव्या द्यायचा.
चाळीस वर्षं खेकड्यांचे सापळे याच ओढीतून उपसले त्यानं.
भांगाच्या दिवसांत जरा दम घेणारं,
उधाणाला तळहाताची साल काढणारं पाणी.
"याला कुणीतरी जुंपायला हवं," म्हणायचा.
जुंपलंय आता.
त्यानं ते पाहिलं नाही.

टेबलाशी एर्लेंड, नातू, वय अकरा.
"ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही,
फक्त रूप बदलते."
दोनदा वाचतो. पेन्सिल चावतो.
"मग आजी, बिल कशाचं येतं?"

थोरा विणकाम खाली ठेवत नाही.
"स्वेटर उसवला तर लोकर तेवढीच राहते ना?"
"हो."
"पुन्हा विणता येते?"
"येते."
"आणि मेंढ्या कुंपणाला अंग घासून
काटेरी तारेवर पुंजका पुंजका सोडतात, ती?
तीसुद्धा तेवढीच आहे, कुठे गेली नाही.
जा, बेटभर हिंडून गोळा करून आण.
बिल त्याचं.
गुंडाळलेली येते, विस्कटून जाते."

तो वहीत मेंढी काढतो.

केटली कुरकुरू लागते.
"आजी, हे पाणी ऊन तापवत नाहीये.
पीट उन्हाचं, वारा उन्हाचा,
सकाळची लापशीसुद्धा उन्हाची.
पण भरती चंद्राची. सूर्याचा त्यात थोडाच हात."
"चंद्र फुकट देतो?"
"तो नुसता ओढून धरतो. पैसे पृथ्वीच्या खिशातून जातात.
तिची गिरकी मंदावते, दिवस लांबतो,
आणि चंद्र दूर सरकतो,
आपली नखं वाढतात ना, त्याच चालीनं."

थोरा आपल्या नखांकडे बघते.

ती त्याला सांगत नाही:
मान्सी गेला त्या पहाटे
तिनं त्याचा हात धरून ठेवला होता.
ऊब एकदम गेली नाही.
आधी बोटांतून, मग तळहातातून,
थोडी तिच्या हातात आली, थोडी वाकळेत,
उरलेली खोलीत.
मग शेजारच्या ओसलानं रिवाजाप्रमाणे खिडकी उघडली.
थांब जरा, म्हणायचं होतं थोराला.
बाहेर फेब्रुवारी होता.
एवढ्याशा उबेनं त्याला काय फरक पडणार.
पडलाच असेल.
आता या पोराच्या पुस्तकातच लिहिलंय.

पाणी उकळतं. बटण टक्कन उडतं.

"दिवस लांबतोय म्हणालास. आजचा किती लांबला?"
एर्लेंड शून्यं मांडत जातो,
पानाची कड येते, तरी शून्यं.
"तेवढ्यात चहा मुरेल?"
"नाही गं. तेवढ्यात काहीच होत नाही."

खाली फटीत पाणी थबकलंय,
दोन ओढींमधली थोडीशी मिनिटं.
पाती उभी आहेत.
थोरा चहादाणीवर लोकरीची टोपी चढवते,
पोराला थंडीत बाहेर धाडताना ओढावी
तशी खाली ओढून घेते.